पुनर्वसूच्या झडीत : रतनवाडी ते खिरेश्वर

पहिला दिवस : इगतपुरी, शेंडी, रतनवाडी

हवामान खात्याच्या मोजमापात चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की मुसळधार, ११५.६च्या वर अतिमुसळधार आणि २०४.५च्या वर गेला की अत्यंत मुसळधार. अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात जुलै महिन्यात यातल्या पहिल्या आकड्याची कुणी दखलही घेत नाही. अकोले गाव याच तालुक्याचं, पण पर्जन्यछायेतलं. तिथे अख्ख्या पावसाळ्यात पडतो तेवढा पाऊस इथे जोराच्या एका आठवड्यात पडून जातो. त्यामुळे ‘आज हवा वाईट आहे’ हे वाक्य इथे कोण, कुठे उभं राहून बोलतंय, यावर त्याचा अर्थ ठरतो.

बेत असा : रतनवाडीहून रतनगड, मग कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, मुळा नदी ओलांडून पाचनई, तिथून हरिश्चंद्रगड आणि तोलार खिंडीने खिरेश्वरला उतार. हा सगळा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६मध्ये ते जाहीर झालं. निघण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्यायच्या. प्रशासनाची बंदी आहे का, आणि रतनवाडीपर्यंतचा रस्ता चालू आहे का. पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर पुढचा विचारच करायचा नाही. गडावर कुणी अडकलं तर शोधायला गावातलीच माणसं आवणी, म्हणजे भाताची लावणी, सोडून वर जातात.

इगतपुरीहून घोटीमार्गे शेंडी, आणि शेंडीहून भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून रतनवाडी, साधारण वीस किलोमीटर. उन्हाळ्या-हिवाळ्यात होडीने जाता येतं. झडीत होडी विसरायची. जीपचा चालक बसायच्या आधीच बोलून मोकळा झाला, “दरड आडवी आली तर मी हात लावणार नाय, माघारी फिरणार. त्याचे पैसे निम्मे.” या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याचा हा साधा, आधी ठरलेला करार आहे. ज्याचा चालक ‘बघू तिथे गेल्यावर’ म्हणतो, त्याच्या गाडीत बसू नये.

गटातल्या माणसांचे पावसाबद्दलचे स्वभाव जीपमध्येच कळले. एक मुंबईचा, सह्याद्रीत मुरलेला. त्याच्या मते पावसाने बेत बदलणं म्हणजे नामुष्की. एक नाशिकचे शिक्षक, दर तासाला मोबाइलवर उपग्रहाचं चित्र बघणारे. ते घोटीलाच परत फिरायला तयार होते. साताऱ्याच्या दोघी बहिणी म्हणत होत्या, पाऊस आहे तर भिजायचंच, त्यात काय बोलायचं. आणि रतनवाडीत भेटले ते वाटाड्या मामा. त्यांनी आभाळाकडे पाहिलंच नाही. त्यांनी विचारलं, “काठ्या आणल्यात का?”

सामानाबद्दल थोडं. सॅकवर घालायचं कव्हर पाठीकडून येणारं पाणी अडवत नाही. पाऊस मानेवरून पाठीवर आणि पाठीवरून सॅकमध्ये झिरपतो. म्हणून सॅकच्या आतच जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालायची, सगळं सामान तिच्यात भरायचं, तोंड पिळून दुमडायचं आणि रबराने बांधायचं. त्यातही झोपायचे कपडे आणि एक मोजेजोडी वेगळ्या पिशवीत. हे कपडे चालताना घालायचे नाहीत, कितीही थंडी वाजली तरी. सकाळी ओलेच कपडे पुन्हा अंगावर चढवायचे. पहिली पाच मिनिटं जीव नको होतो, मग चालताना अंगाची ऊब येते. जीन्स आणि सुती कपडे घरी ठेवायचे. पायघोळ पोंचो दाट झाडीत चालतो, पण उघड्या धारेवर वारा त्याला तोंडावर आणून आपटतो आणि पुढचं पाऊल दिसत नाही. तिथे अंगाला बसणारं जॅकेटच हवं.

रतनवाडीत मुक्काम गावातल्या एका घरीच. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पेंढ्याचा आणि प्लास्टिकच्या कागदाचा आडोसा होता, सरपण मृगाच्या आधीच माळ्यावर चढलेलं होतं. जेवायला तांदळाची भाकरी, खुरासणीची चटणी आणि कुर्डूची भाजी.

दुसरा दिवस : रतनगड

अमृतेश्वराच्या देवळामागून वाट निघते. दगडी मंदिर आणि त्याची चौकोनी पुष्करणी पावसात बघण्यासारखी असते. दगडावरचं कोरीव काम ओलं झालं की जास्त स्पष्ट दिसतं.

प्रवरा इथेच उगम पावते आणि गडाकडे जाताना तिचं पात्र पुन्हा पुन्हा ओलांडावं लागतं. सकाळी सातला पाणी पोटरीपर्यंत होतं. अरुंद जागी ओलांडायचा मोह होतो, कारण तिथे दोन उड्यांत काम होईल असं वाटतं. पण पात्र अरुंद म्हणजे पाणी खोल आणि वेगवान. पसरट, खडकाळ जागा शोधायची. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडायचा, म्हणजे पडलो तर ओझं टाकता येतं. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच पाय उचलायचा. चपला-बूट काढून अनवाणी उतरायचं नाही. गोटे निसरडे असतात आणि तळव्याला कापतात.

शिड्यांशी पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की वरची शिडी दिसत नव्हती. रविवार असल्याने खालून पन्नास-साठ जणांचा एक गट आला होता, त्यांना तीन वाजता बसमध्ये बसायचं होतं. त्यांच्या म्होरक्याचा सूर होता की आलोच आहोत तर सगळ्यांना वर नेऊन आणायचं. ओल्या लोखंडी शिडीवर एका वेळी एकच माणूस, पहिला पूर्ण वर गेल्याशिवाय दुसऱ्याने पाय ठेवायचा नाही. या हिशेबाने माणशी दोन मिनिटं धरली तरी पन्नास जणांना चढायला पावणेदोन तास आणि उतरायला तेवढेच. तोवर प्रवरेचं पाणी कुठे गेलं असेल, हा प्रश्न त्या गर्दीत कुणी विचारत नव्हतं. मामांनी विचारला. त्या म्होरक्याने ऐकलं, हे त्याचं कौतुक. निम्मे लोक शिडीखालूनच परत गेले.

वर नेढ्यातून, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकातून, काहीही दिसलं नाही. वारा मात्र त्या भोकातून असा घुसतो की दोन मिनिटांत दात वाजायला लागतात. उतरताना प्रवरा गुडघ्याला लागली होती.

तिसरा दिवस : कात्राबाईची खिंड, कुमशेत

हा सगळ्यात लांब टप्पा. कोरड्यात सहा तास लागतात, झडीत आठ-साडेआठ धरायचे. म्हणून साडेसहाला निघायचं. रतनगडाच्या वाटेवर एका ठिकाणी फाटा फुटतो, तिथून गडाची वाट सोडून खिंडीकडे वळायचं. धुक्यात हा फाटा हमखास चुकतो, आणि चुकलेला माणूस बऱ्याच वेळाने शिड्यांशी पोचतो.

दाट जंगलात चालण्याची शिस्त ठरलेली होती. पुढच्या माणसाची पाठ दिसलीच पाहिजे. फाट्यावर पुढचा थांबणार आणि मागच्याला वाट दाखवूनच निघणार. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे या, तीन म्हणजे अडचण. मोबाइलमध्ये वाटेचा माग आधीच उतरवून ठेवलेला होता, पण ओल्या बोटांनी पडदा चालत नाही. पारदर्शक पिशवीत ठेवलेला फोन आणि एका कोरड्या फडक्याचा तुकडा असेल तरच त्याचा उपयोग.

खडकावर पाय कुठे ठेवायचा, हे मामांनी एकदाच सांगितलं. काळा आणि चकाकणारा खडक म्हणजे शेवाळ, त्यावर पाय नाही. राखाडी, खरबरीत दिसेल तिथे बिनधास्त. आडव्या मुळ्यांवर कधीच नाही.

खिंडीतून उतरून कुमशेतच्या अंगाला आलं की भातखाचरं लागतात. पावसाचा जोर तिथे इतका होता की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं, आणि खाचरात सात-आठ बाया वाकून आवणी करत होत्या. काहींच्या पाठीवर बांबू आणि पानांची इरली, काहींच्या डोक्यावरून घेतलेले प्लास्टिकचे कागद. वाकून काम करणाऱ्याला रेनकोट कामाचा नाही. पाणी गळ्यातून आत जातं आणि आत घामाने भिजायला होतं. इरलं डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकतं आणि खाली हात मोकळे राहतात. साताऱ्याच्या एकीने बांधावरून विचारलं, “मावशी, एवढ्या पावसात थोडं थांबत नाही का?”

“थांबून कसं जमंल? पावसात नाय लावायचं तर काय उन्हात लावायचं? चिखल आवळला की रोप शिरत नाय.”

रोप वाफ्यात तयार होतं ते तीन-साडेतीन आठवड्यांत. त्यानंतर ते जून होतं, लावल्यावर फुटवे कमी येतात आणि लोंब्या घटतात. खाचरात पाणी उभं असताना चिखलणी झाली पाहिजे, आणि चिखलणीच्या मागोमाग लावणी. शिवाय सावड असते. आज हिच्या खाचरात, उद्या तिच्या. एकीने दिवस मोडला तर सगळ्या गावाचं गणित पुढे ढकललं जातं. हा पाऊस त्यांच्या कामातला अडथळा नाही, त्यांच्या कामाचा माल आहे. पण त्याच बायांनी हेही सांगितलं की मृगात कडकडाट सुरू झाला की त्या खाचर सोडून घरी जातात, मग काम किती का उरलेलं असेना. भर पावसाळ्यात इथे विजा कमी असतात, मोसमाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात जास्त. म्हणजे कशाला जुमानायचं आणि कशाला नाही, याचा त्यांचा हिशेब आमच्यापेक्षा कितीतरी बारीक आहे.

संध्याकाळी पायांची तपासणी. दिवसभर ओल्या बुटात राहिलेल्या पायाची कातडी पांढरी होते, सुरकुतते, आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. सकाळी चालण्याआधी तळव्यांना आणि बेचक्यांत पेट्रोलियम जेली चोळली तर कातडी पाणी कमी पिते. मुक्कामी पोचल्यावर आधी पाय कोरडे करायचे, चुलीपासून हातभर लांब ठेवून शेकायचे, पावडर आणि कोरडे मोजे. यजमानीणबाईंच्या तळव्यांना मेंदी होती, ती याचसाठी. बूट मात्र चुलीजवळ वाळवायचे नाहीत, तळवा सुटतो. त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि मध्ये एकदा बदलायचे.

चौथा दिवस : मुळेच्या काठी

कुमशेतहून उतरून मुळा ओलांडली की पेठेची वाडी आणि पुढे पाचनई. कोरड्या दिवसांत हा टप्पा अर्ध्या दिवसाचा. रात्रभर पत्र्यावरचा आवाज कमी झाला नव्हता, तरी सकाळी साडेसातला काठावर पोचलो.

पाणी मातकट होतं आणि त्यात पालापाचोळा, काटक्या वाहत होत्या. दोन्ही खुणा पाणी चढत असल्याच्या. तिसरी खूण आवाजाची : तळातले गोटे एकमेकांवर आपटतात तो दबका गडगडाट. तो ऐकू आला की त्या पाण्यात पाय घालायचा विषयच संपतो, कारण जे पाणी दगड हलवतं ते माणसाला सहज हलवतं. मामांनी पाण्याच्या कडेला काठी रोवली आणि पाण्याच्या रेघेवर कोयत्याने खाच पाडली. अर्ध्या तासाने पाणी खाचेच्या वर चार बोटं होतं.

इथे खरा वाद झाला. मुंबईच्या मित्राचं म्हणणं तर्काला धरून होतं. पाणी मांडीपर्यंतच आहे, तीस मीटरचा दोर आहे, हात शिकलेले आहेत, दोन दिवस तुफान पावसात चाललोच आहोत, मग इथेच काय झालं? नाशिकचे गुरुजी म्हणाले, मी घोटीलाच सांगत होतो. साताऱ्याच्या बहिणी मामांकडे बघत होत्या.

मामा लहानपणापासून ही नदी ओलांडत आलेत. ते म्हणाले, “पावसाला भ्यायचं नाय, मी बी भीत नाय. पण ह्ये पाऊस नाय, ह्ये पाणी हाय.”

माझं मत स्पष्टपणे मामांच्या बाजूने आहे, आणि त्याची कारणं मांडायला हवीत, कारण दोर आहे या भरवशावर दर पावसाळ्यात माणसं पाण्यात उतरतात. अंगाला दोर बांधून माणूस पाण्यात उतरवला आणि त्याचा पाय सुटला, तर दोर ताणला जातो आणि प्रवाह त्याला त्या ताणाखाली दाबून धरतो. काठावरचे जितका ओढतील तितका तो खाली जातो. गुडघाभर पाणीसुद्धा वेग असेल तर धडधाकट माणसाला पाडतं. मांडीपर्यंतच्या पाण्यात तर पायावरचा भारही हलका होतो. शिवाय पाऊस अंगावर पडत असताना आपण चुकलो तर भिजतो, थकतो, परत फिरतो. पाण्यात चुकलो तर दुसरी संधी नसते. आदल्या दोन दिवसांचा अनुभव म्हणूनच इथे कामाचा नव्हता. झडीत आठ तास चालण्याने अंगात जो धीर येतो तो नदीपुढे घातक ठरतो, आणि हे मुरलेल्या माणसाला नवख्यापेक्षा उशिरा पटतं.

दुसरी बाजूही आहे. मुळेचं इथलं पाणलोट लहान आणि उभ्या कातळाचं. जुलैत जमीन पाणी पिऊन तट्ट असते, म्हणून पडलेला थेंब थेट पात्रात येतो. नदी तासाभरात चढते, आणि पाऊस उघडला तर दोन-चार तासांत उतरतेही. म्हणून गुरुजींसारखं लगेच हात टेकणंही बरोबर नाही; थांबून बघणं हा खरा पर्याय आहे. साडेनऊला एक गावकरी पलीकडे बहिणीकडे जायला आला. खांद्यावर घोंगडीची खोळ, हातात पिशवी. त्याने उकिडवं बसून तंबाखू मळली, आमच्या काठीकडे आणि खाचेकडे बघितलं, घोंगडी झटकली आणि काही न बोलता गावाकडे परत गेला. अकराला पाणी खाचेखाली वीतभर उतरलं. सगळ्यांचे चेहरे खुलले. मग आजापर्वताच्या बाजूला आभाळ काळं झालं, आणि सव्वाबाराला खाच पुन्हा पाण्याखाली गेली.

आम्हीही कुमशेतला परतलो. मुंबईकर जेवणापर्यंत बोलला नाही.

पाचवा दिवस : अंबितमार्गे पाचनई, हरिश्चंद्रगड

गावातल्या पिकअपने अंबितकडून गाडीरस्त्याने पाचनई. पायी सलग रेघ तुटली याची खंत एका-दोघांना होती. ती खरी आहे, पण त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पाचनईची वाट गडाच्या इतर वाटांपेक्षा सोपी. अडीच-तीन तास लागतात. कातळाच्या कपारीखालून जाताना वरून धबधबे अंगावर येतात, निसरड्या जागी रेलिंग आहे. लोखंड धरायचं, पण त्यावर पूर्ण भार टाकायचा नाही. पावसाळ्यात खांबाची माती धुपलेली असू शकते. वर मंगळगंगेचा ओढा भरून वाहत होता, पण पसरट आणि पोटरीभर.

केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती कंबरेच्या वर पाणी होतं, बर्फासारखं गार. चारपैकी एकच खांब शाबूत आहे. काही उत्साही पोरं त्या पाण्यात प्रदक्षिणा घालत होती. श्रद्धेला काही म्हणायचं नाही, पण तीन तास भिजत आलेल्या माणसाने त्या पाण्यात उतरू नये. त्यातलाच एक जण बाहेर येऊन शब्द अडखळत बोलायला लागला, त्याला जॅकेटची चेन लावता येईना. अंगाचं तापमान घसरत असल्याची ही पहिली लक्षणं. हवेचं तापमान अठरा-वीस अंश असलं तरी ओले कपडे आणि वारा मिळून हे होतं. ओले कपडे काढून कोरडे घातले, टोपी घातली, दोघांच्या मध्ये बसवला, गुळाचा कोरा चहा घोटघोट पाजला. अर्ध्या तासात नीट बोलायला लागला. अशा माणसाचे हातपाय जोरजोरात चोळायचे नाहीत आणि दारू तर अजिबात द्यायची नाही.

सहावा दिवस : कोकणकडा, तोलार खिंड, खिरेश्वर

कोकणकड्यावर पाऊस खालून वर येतो. कड्याच्या अंतर्वक्र भिंतीवर आपटलेला वारा वर उसळतो आणि ओहोळांचं पाणी उलटं फेकतो. धारेपासून दहा-पंधरा फूट आधीच थांबायचं, पुढे जायचंच तर पोटावर झोपून, आणि तेही ओल्या गवताचा उतार नसेल तिथेच. धुक्यात धार कुठे संपते ते कळत नाही. इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, कर्नल साइक्स यांनी इथेच पाहिल्याची १८३५मधली नोंद आहे. त्यासाठी पाठीमागून ऊन आणि समोर दरीत धुकं लागतं. झडीच्या दिवसांत ऊनच नसतं, म्हणून ते दिसेल या आशेने ताटकळू नये.

खिरेश्वरची वाट पठारावरच्या टेकड्या चढत-उतरत तोलार खिंडीला येते. हरिश्चंद्रगडावर माणसं सर्वांत जास्त चुकतात ती इथे, कारण धुक्यात प्रत्येक टेकडी आधीच्या टेकडीसारखी दिसते. दगडावरचे बाण आहेत. पुढचा बाण सापडेपर्यंत मागच्या बाणाशी एक जण उभा राहणार, हा नियम. यात तास जास्त गेला, पण चुकणं झालं नाही. यावेळी मागच्या बाणाशी उभं राहायचं काम मुंबईकराने स्वतःहून घेतलं आणि वाऱ्यात कुडकुडत शेवटपर्यंत केलं. खिंडीआधीच्या कातळटप्प्यावर तोंड खडकाकडे करून, रेलिंगला धरून उतरायचं. घाई करणाऱ्याला इथे मागे ठेवायचं.

दुपारी खिरेश्वरला पोचलो. तिथून खुबी फाटा, माळशेजच्या रस्त्यावर. फाट्यावर कळलं की घाटात दरड आल्याने कल्याणकडची वाहतूक बंद आहे. टपरीवर दोन तट पडलेले होतेच : एक म्हणत होता, तासाभरात मोकळा होईल, दुसरा आळेफाट्याच्या गाडीला हात करत होता. दरड काढून झाली तरी वरून दगड सुटत असतात आणि अंधारात ते दिसत नाहीत, म्हणून साडेचारनंतर घाट धरायचा नाही, असं गटाने ठरवलं. आळेफाट्याला जाणारी एसटी पाच वाजता आली. नाशिकचे गुरुजी तिथूनच संगमनेरमार्गे घरी गेले, बाकीचे नारायणगावमार्गे पुण्याला.